एजीएमला मत द्यायचं का? आपल्या १२० शेअर्सनी काय फरक पडतो?

तिठा | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. ते शेअर घ्यायचे आणि ठेवून द्यायचे, विकायचेही असतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. ते सगळे आता माझ्या डीमॅटला आलेत. त्यातल्या एका कंपनीचे १२० आहेत, नाव मुद्दाम देत नाही. परवा तिचा मेल आला, वार्षिक सर्वसाधारण सभा (एजीएम) आहे, ऑनलाइन आहे, ई-व्होटिंग अमुक तारखेला सकाळी ९ ला सुरू आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद. सोबत २८४ पानांचा अहवाल. बाबांच्या कपाटात याच कंपनीचे जुने छापील अहवाल सापडलेत, प्रत्येकात पेन्सिलीच्या खुणा आहेत, म्हणजे माणूस ते बसून वाचत होता. त्यामुळे मला मेल डिलीट करवेना.

नोटिशीत सात विषय आहेत. हिशेब, लाभांश, आळीपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक वगैरे ठीक. पाचवा विषय एका स्वतंत्र संचालकांची दुसरी टर्म. सहावा म्हणजे अध्यक्षांच्या कुटुंबाची एक खाजगी कंपनी आहे, तिच्याकडून पॅकिंगचा माल घ्यायचा आणि तिचीच गोदामं भाड्याने घ्यायची, त्याला मंजुरी. सातवा एमडींचा पगार. प्रमोटरांकडे, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्या कुटुंबाकडे, ५२ टक्के आहेत.

प्रश्न साधा आहे. माझ्या मताने काही होतं का? आणि स्वतंत्र संचालक म्हणजे नक्की कुणापासून स्वतंत्र? इथे कुणी आजवर खरंच मत दिलंय का?

मधला_बाक | सोमवार, रात्री ११:०८

वाचतोय. माझ्या इनबॉक्समध्ये असले चाळीस तरी मेल पडून असतील, एकही उघडलेला नाही.

दगडफूल | सोमवार, रात्री ११:३१

तिठा, स्पष्टच सांगतो, राग मानू नका. ५२ टक्के एका घरात असताना मतदान कसलं घेऊन बसलात. मी १९९४ पासून शेअर्स घेतोय, प्रमोटरला हवं ते झालं नाही असं माझ्या बघण्यात एकदाही नाही.

आणि स्वतंत्र संचालकाला शोधून आणतो कोण? प्रमोटर. टर्म वाढवायची की नाही हे ठरवतो कोण? प्रमोटर. मग तो माणूस त्याच्यासमोर बसून नाही कशाला म्हणेल? सत्यम ही हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी आठवा. बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, आयएसबी या बिझनेस स्कूलचे डीन होते, माजी कॅबिनेट सचिव होते, पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम होते. २००८ मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता त्या कंपनीला. आणि ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकेतली शिल्लक मुळात नाहीच. एवढी मोठी माणसं टेबलाभोवती असून कुणालाही कळलं नाही, तर तुमच्या कंपनीतल्या एका निवृत्त साहेबांना काय कळणार?

पानगळ | मंगळवार, सकाळी ७:१५

दगडफूल यांना बरंचसं अनुमोदन. पण सत्यमचीच आधीची गोष्ट सांगायची राहिली. १६ डिसेंबर २००८ ला त्याच बोर्डाने राजू कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा ठराव मंजूर केला होता. तो काही तासांत मागे घ्यावा लागला, आणि तो बोर्डाने अडवला नाही, गुंतवणूकदारांनी आरडाओरडा केला म्हणून अडला. ताळेबंदातलं खोटं त्या सौद्यात झाकायचं होतं. सौदा फसला आणि तीन आठवड्यांत पत्र बाहेर आलं. म्हणजे जे बोर्डाला जमलं नाही ते भागधारकांनी केलं. हे तुमच्या मुद्द्याच्या उलट जातं.

सही_शिक्का | मंगळवार, दुपारी १:४०

मी कंपनी सेक्रेटरी आहे, एकोणीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तिठा, तुमचे सातही विषय एका मापाचे नाहीत. साधा ठराव म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त, संपलं. तिथे ५२ टक्केवाल्याला कुणी अडवू शकत नाही, दगडफूल यांचं बरोबर आहे. विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट लागतात. तुमचा पाचवा विषय विशेष ठराव आहे. सगळ्यांनी मत दिलं असं धरा, तर प्रमोटरांना स्वतःच्या ५२ वर आणखी २३ मिळवावे लागतात. बाहेरच्या ४८ मधले २५ च्या वर विरोधात गेले की ठराव पडला. एमडी प्रमोटर कुटुंबातले असतील आणि पगार ५ कोटी किंवा निव्वळ नफ्याच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर जात असेल, तर सातवाही विशेष ठराव असणार. नोटिशीत प्रत्येक विषयाखाली लिहिलेलं असतं, बघून घ्या.

आता सहावा. हा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका हाच न वाचता पुढे जातात. याला आम्ही आरपीटी म्हणतो, संबंधित पक्षाशी व्यवहार. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे लिस्टेड कंपन्यांसाठी एलओडीआर नियम आहेत, त्यांच्याप्रमाणे अशा मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि त्यात संबंधित पक्षातल्या कुणालाही बाजूने मत देता येत नाही. म्हणजे अध्यक्ष, त्यांची पत्नी, मुलगा, त्यांच्या होल्डिंग कंपन्या, सगळे बाहेर. ते ५२ टक्के या एका विषयापुरते बाजूला ठेवायचे. निर्णय उरलेल्या ४८ चा, आणि त्यातही जे मत देतील त्यांचा.

किरकोळ भागधारक मत देतच नाहीत, अगदी थोडे देतात, म्हणून प्रत्यक्षात निर्णय फंड आणि विमा कंपन्यांच्या हातात जातो. तुम्ही सगळ्यांनी दिलं तर चित्र वेगळं दिसेल, एवढं मी या खुर्चीत बसून सांगू शकतो.

खारीचा_वाटा | मंगळवार, दुपारी ३:०२

सही_शिक्का, हे फार छान समजावलंत. यावर ताजं उदाहरण म्हणजे नेस्ले इंडिया, २०२४. स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून पाच वर्षांत हळूहळू ५.२५ टक्क्यांवर न्यायचा प्रस्ताव होता. मूळ कंपनीकडे साठ टक्क्यांच्या वर शेअर्स असून तिला बाजूने मत देता येत नव्हतं. बाकीच्यांपैकी ५७ टक्के मतं विरोधात पडली आणि प्रस्ताव पडला. नंतर ४.५ टक्केच चालू ठेवायचा ठराव आणला, तो मंजूर झाला.

आयशर मोटर्सचंही घ्या, ऑगस्ट २०२१. सिद्धार्थ लाल यांची एमडी म्हणून फेरनेमणूक आणि पगार एकाच विशेष ठरावात बांधले होते, तो पडला. माणूस नको असं कुणाचं म्हणणं नव्हतं, पगाराचं सूत्र नको होतं. मग कमाल मर्यादा खाली आणून ठराव परत आणला. दगडफूल, एकदाही नाही म्हणालात, ही दोन घ्या.

दगडफूल | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

घेतली. पण दोन्हीकडे फंडवाले होते. नेस्लेमध्ये १२० शेअरवाल्याने काय केलं ते सांगा. माझा मुद्दा तोच आहे, मोठ्यांनी मोठ्यांना अडवलं.

खारीचा_वाटा | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

पण फंडातले पैसे कुणाचे आहेत? माझी एसआयपी आहे, तुमचीही असेल. १ एप्रिल २०२१ पासून सेबीने म्युच्युअल फंडांना मत देणं बंधनकारक करायला सुरुवात केली, १ एप्रिल २०२२ पासून सगळ्याच ठरावांवर. कुठल्या ठरावावर काय मत दिलं आणि का, हे त्यांना वेबसाइटवर टाकावं लागतं. मी माझ्या फंडाची यादी दर तिमाहीला उघडते. गेल्या वर्षी एका ठिकाणी त्यांनी आरपीटीच्या बाजूने मत दिलं होतं आणि कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं, नियमांचं पालन झाले आहे. मी त्यांना मेल करून विचारलं की भाव बाजारभावाशी जुळतो का हे तुम्ही कशावरून ठरवलंत. उत्तर आलं. समाधान झालं नाही, पण पुढच्या यादीत कारणं जरा लांब लिहायला लागलेत. माझ्यामुळेच असं म्हणत नाही, आणखीही कुणी विचारलं असेल.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:३०

तिठा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, स्वतंत्र संचालक कुणापासून स्वतंत्र, कुणी नीट हात घातला नाही म्हणून लिहिते. कागदावर तो प्रमोटर आणि व्यवस्थापनापासून स्वतंत्र असतो. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर एका मध्यम आकाराच्या कंपनीवर पाच वर्षं स्वतंत्र संचालक होते. कंपनीचं नाव सांगणार नाही.

कायद्याने बैठकीची सूचना सात दिवस आधी यायला हवी, ती यायची. पण कागद टॅबवर चढायचे आदल्या रात्री, साडेतीनशे-चारशे पानं. पहिल्या वर्षी मी सगळं वाचायचा प्रयत्न केला आणि बैठकीत झोप आवरत बसले. मग ठरवलं की येणी आणि संबंधित पक्ष ही दोनच पानं आधी वाचायची, वेळ उरला तर बाकीचं. तिसऱ्या वर्षी दिसलं की एका ग्राहकाकडची येणी चार तिमाह्या तशीच आहेत, आकडा जरासुद्धा हललेला नाही. मी विचारलं, हा माणूस पैसे कधी देणार? टेबलावर शांतता पसरली. वित्तप्रमुख म्हणाले, पाठपुरावा चालू आहे. चहाच्या वेळी अध्यक्ष जवळ आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, मॅडम, असं काही असलं तर आधी एक फोन करायचा ना.

पंधरा दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा आला, त्यात माझा प्रश्नच नव्हता. मसुद्यावर म्हणणं मांडायला सात दिवस असतात. मी मेल केला की अमुक विषयावर मी अमुक प्रश्न विचारला होता, तो नोंदवावा. दोनदा फोन आले, राहू दे म्हणून. मी म्हटलं नाही, लिहा. लिहिलं गेलं. एकदा ते कागदावर आल्यावर ऑडिटरना त्याकडे डोळेझाक करता येईना आणि दोन तिमाहींनी ती रक्कम बुडू शकते असं धरून हिशेबात तरतूद करावी लागली.

मला दुसरी टर्म मिळाली नाही. दगडफूल, तुम्ही म्हणता ते खरं आहे, बोलणाऱ्याला परत बोलावत नाहीत. पण म्हणून प्रश्न विचारणारे नसतातच असं नाही हो.

पानगळ | मंगळवार, रात्री ९:५२

उंबरठाताई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका प्लीज.

सही_शिक्का | मंगळवार, रात्री १०:१०

मॅडम, तुमच्यासारखे संचालक असले की आमचं काम वाढतं, आणि मी हे कौतुकाने म्हणतोय. इतिवृत्तात एक ओळ आली की पुढे कित्येक वर्षं ती कुणाला पुसता येत नाही.

दगडफूल, सत्यमनंतर काय बदललं तेही बघा. २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीत एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असलेच पाहिजेत असं ठरवलं, पाच वर्षांची एक टर्म, दुसरी हवी तर विशेष ठराव, आणि दोन टर्मनंतर तीन वर्षं त्या कंपनीपासून लांब. आधी तीच माणसं वीस-वीस वर्षं बसलेली असायची. ऑडिट फर्मलाही दहा वर्षांनी बदलावं लागतं. २०१८ पासून ऑडिटरांवर लक्ष ठेवायला एनएफआरए ही सरकारी संस्था आहे. १ जानेवारी २०२२ पासून लिस्टेड कंपनीत स्वतंत्र संचालकाची पहिली नेमणूक आणि त्याला काढणं, दोन्हींना विशेष ठराव. २०१६ मध्ये टाटा समूहातल्या सायरस मिस्त्री वादाच्या वेळी स्वतंत्र संचालक नस्ली वाडिया यांना टाटांच्या तीन कंपन्यांतून साध्या ठरावाने काढलं होतं, ते आता तितकं सोपं नाही.

पानगळ | मंगळवार, रात्री १०:३५

छोटी दुरुस्ती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात पर्याय दिलाय. विशेष ठराव पडला तरी एकूण मतांत बाजूची जास्त असतील आणि फक्त पब्लिक, म्हणजे प्रमोटर सोडून बाकीच्या, भागधारकांच्या मतांतही बाजूची जास्त असतील, तर नेमणूक झाली असं धरतात.

सही_शिक्का | मंगळवार, रात्री १०:४१

बरोबर, लिहायचं राहिलं, आभार. पण तुम्हीच बघा, तिथेही शेवटी पब्लिकचं बहुमत लागतंच.

दगडफूल | बुधवार, सकाळी ८:०५

नियम वाढले हे मान्य. पण मग हे सांगा, अध्यक्ष आणि एमडी वेगळे असावेत असं सेबीनेच नेमलेल्या कोटक समितीने २०१७ मध्ये सुचवलं, सेबीने मोठ्या ५०० कंपन्यांना सक्तीचं केलं, तारीख २०२० वरून २०२२ वर गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की आता ऐच्छिक. का? उद्योगांनी ऐकलं नाही म्हणून. जिथे प्रमोटरच्या खुर्चीला धक्का लागतो तिथे नियम मऊ होतो. बाकी ठिकाणी फॉर्म वाढतात.

उंबरठा | बुधवार, सकाळी ११:२०

यावर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. बैठक चालवणारा आणि बैठकीत ज्याच्या कामाचा हिशेब घ्यायचा तो एकच असेल, तर विषयपत्रिकेत काय येणार हे तोच ठरवतो. माझ्या अनुभवात निम्मी लढाई विषय पत्रिकेवर आणण्याचीच असायची.

अवांतर: जबाबदारीचं कलमही वाचा. स्वतंत्र संचालक फक्त तेवढ्यालाच जबाबदार, जे बोर्डाच्या कामकाजातून त्याला माहीत होतं आणि त्याच्या संमतीने किंवा डोळेझाकीने झालं, किंवा जिथे त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही. काही जण याचा अर्थ माहीत करूनच घेऊ नये असा लावतात. शेवटचा भाग, दक्षतेचा, तो सोयीस्करपणे वाचत नाहीत.

मधला_बाक | बुधवार, दुपारी १२:०२

मला तर हे सगळं वाचून आमच्या सोसायटीची सभा आठवली. गणसंख्या दोन तृतीयांश किंवा २०, जे कमी असेल ते, म्हणजे २०. येतात अकरा जण. अर्धा तास थांबून त्याच जागी तहकूब सभा. सेक्रेटरी वाचतात, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मागून कुणीतरी मंजूर म्हणतं, आणि रंगकामाचं कंत्राट जातं. नंतर वर्षभर जिन्यात उभं राहून तेच एकशे दहा जण त्या कंत्राटाबद्दल बोलतात जे आलेच नव्हते. मीसुद्धा त्यातलाच आहे.

खारीचा_वाटा | बुधवार, दुपारी १२:१५

मधला_बाक, म्हणजे तुमचे चाळीस मेल आणि तुमची सोसायटी एकच आहे तर.

सभामंडप | बुधवार, दुपारी ४:४८

वय ७३. ऐंशीच्या दशकापासून सभांना जातो. तेव्हा अहवाल पोस्टाने यायचा, सोबत उपस्थितीची चिठ्ठी. मुंबईत राहायचो म्हणून जमायचं, कारण कायद्याने सभा नोंदणीकृत कार्यालय ज्या शहरात असेल तिथेच घ्यायची. नागपूरच्या माणसाने मुंबईच्या कंपनीचा शेअर घेतला तर त्याने सभा पाहायची कधी? कित्येक लोक नुसतं खाण्याचं पाकीट आणि भेटवस्तूसाठी यायचे, ते २०१५ मध्ये सभांचं सचिवीय मानक, म्हणजे सभा कशी घ्यायची याचे नियम, लागू झाल्यावर बंद झालं, फार बरं झालं. पण त्याच गर्दीत तीन-चार जण असे असायचे की अहवालाला कागदाच्या पट्ट्या लावून यायचे आणि टिपण क्रमांक सांगून प्रश्न विचारायचे. अध्यक्षांना त्यांची नावं पाठ असायची आणि उत्तरं तयार ठेवावी लागायची.

२०२० पासून ऑनलाइन सभा झाल्या. लोक नावं ठेवतात की आवाज म्यूट करतात, वेळ कापतात, ते होतंच. पण नागपूरचा माणूस आता घरबसल्या बोलू शकतो. तिठा, तुमचे वडील प्रश्न विचारायचे का हो? पेन्सिलीने काय लिहिलंय ते बघा तरी.

तिठा | बुधवार, रात्री ११:१७

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, एकेक दोनदा वाचतोय.

सभामंडप काका, तुमच्या सांगण्यावरून आज सगळे जुने अहवाल खाली काढले. बहुतेक खुणा नुसत्या रेघा आहेत. पण २०१३-१४ च्या अहवालात हिशेबाच्या टिपणांत संबंधित पक्षांचा तक्ता आहे, त्यात गोदाम भाड्याच्या ओळीसमोर एक छोटं प्रश्नचिन्ह आहे. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच ओळीसमोर परत प्रश्नचिन्ह आणि मागच्या वर्षीचा आकडा बाजूला लिहिलाय. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पाच अहवालांत पाच आकडे एकाखाली एक, बाबांच्या त्या बारीक अक्षरात. प्रश्न त्यांनी कधी विचारला असेल असं वाटत नाही, ते चारचौघांत बोलायचे नाहीत.

तीच गोदामं आता सहाव्या विषयात आहेत. सही_शिक्का, सभेत प्रश्न विचारायचा तर काय करायचं?

सही_शिक्का | बुधवार, रात्री ११:४०

नोटिशीच्या शेवटच्या टिपा बघा, वक्ता म्हणून नोंदणी कशी आणि कधीपर्यंत ते दिलेलं असतं. नोंदणीकृत मेलवरूनच पाठवा, डीपी आयडी, क्लायंट आयडी (तुमच्या डीमॅट खात्याचे क्रमांक), शेअर्सची संख्या लिहा, आणि प्रश्नही त्याच मेलमध्ये लिहून टाका. तोंडी विचारलेलं उत्तरात गुळमुळीत होतं, लेखी असलं की कुणीतरी कागद काढून बसतं.

प्रश्न छोटा ठेवा. भाडं जास्त आहे असं म्हणू नका. विचारा की दर चौरस फुटाला दर काय, त्या भागात बाहेरचा दर काय, तो कुणी तपासला आणि ऑडिट समितीने काय पाहिलं. ऑडिट समितीत आरपीटीला मंजुरी फक्त स्वतंत्र सदस्यच देऊ शकतात, त्यामुळे उत्तर समितीच्या अध्यक्षांकडून मागा, कंपनीच्या अध्यक्षांकडून नको.

उंबरठा | गुरुवार, सकाळी ६:५०

आणि घाबरू नका. पलीकडे बसलेल्यांपैकी निदान एकाला तरी कुणीतरी हे विचारावं असं वाटत असतं, मी त्या बाजूला बसलेय म्हणून सांगते.

रानमेवा | गुरुवार, सकाळी १०:३०

धाग्यावर अवांतर होतंय, क्षमस्व. आजीचे कागदी शेअर्स सापडलेत, लाभांश दहा वर्षं कुणी घेतलेला नाही. तेही असंच मत वगैरे देता येईल का?

पानगळ | गुरुवार, सकाळी ११:०५

रानमेवा, आधी ते शेअर्स आहेत कुठे ते बघा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर रक्कम आणि शेअर्स दोन्ही आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, आणि तिकडे गेले की त्यांचा मतदानाचा हक्क गोठतो. परत मिळतात, वारसाची कागदपत्रं आणि ठरलेला अर्ज लागतो, वेळ खातो पण मिळतात. एजंट टक्केवारी मागतील, देऊ नका, आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहा. वेगळा धागा काढलात तर सगळं क्रमाने सांगतो.

दगडफूल | गुरुवार, दुपारी २:१५

तिठा, तुमचा पेन्सिलीचा प्रतिसाद वाचून काल झोप लागली नाही. तीस वर्षं मी सगळं ठरलेलं असतं म्हणत आलो, पण त्या ओळीपर्यंत मी कधी पोचलो नव्हतो. प्रश्न विचाराच. आणि उत्तर काय येतं ते इथे लिहा.

तिठा | अकरा दिवसांनंतर, रविवार, रात्री ८:२५

उशीर झाला, पण निकालासकट लिहावं म्हणून थांबलो.

मत दिलं. स्क्रीन अगदी साधा आहे, ठरावांची यादी, समोर बाजूने आणि विरोधात अशी दोन गोल बटणं, शेवटी खात्री करायला एकदा विचारतात आणि झालं. अहवाल वाचायला चार रात्री लागल्या, मत द्यायला चार मिनिटं. पाचव्याच्या बाजूने दिलं, त्या बाई सगळ्या बैठकांना हजर होत्या, ते पान सापडलं. सहाव्याच्या विरोधात. सातव्यावर दोन दिवस घोळ घातला आणि बाजूने दिलं.

सभेत माझा नंबर नववा होता. दोन मिनिटं दिली होती. हात थरथरत होता म्हणून प्रश्न कागदावरून वाचला. आधी अध्यक्ष म्हणाले, सर्व व्यवहार नियमांनुसार आहेत. मग ऑडिट समितीच्या अध्यक्षा स्वतःहून बोलल्या, त्याच पाचव्या विषयातल्या. त्यांनी सांगितलं की दर बाहेरच्या मूल्यांकनकाराकडून तपासून घेतलाय, तीनपैकी दोन गोदामांचा दर बाजाराच्या जवळ आहे, तिसऱ्याचा वर आहे आणि त्याबद्दल समितीने व्यवस्थापनाला फेरबोलणी करायला सांगितलंय. हे नोटिशीत नव्हतं. मूल्यांकनाचा सारांश वेबसाइटवर टाकू म्हणाल्या.

निकाल दोन दिवसांत आला. सहावा ठराव मंजूर झाला, ६१ विरुद्ध ३९. त्यात वर्गवारी असते, प्रमोटर, संस्था, आणि पब्लिक पण संस्था नसलेले. मी त्या शेवटच्या रकान्यात आहे. तिथे विरोधातल्या मतांचा आकडा आहे, त्यात माझे १२० आहेत. सारांश काल वेबसाइटवर आला. तिसरं गोदाम बाबांनी ज्याच्यासमोर खूण केली होती तेच आहे.

उंबरठा | रविवार, रात्री ८:४०

त्या बाईंना परत निवडून दिलंत, फार छान केलंत. पुढच्या वर्षी तिसऱ्या गोदामाच्या फेरबोलणीचं काय झालं एवढंच विचारा, तेवढी एकच ओळ.

दगडफूल | रविवार, रात्री ९:०३

३९ टक्के विरोधात, हे मी धरलं नव्हतं. पुढच्या वेळी तो ठराव आणताना त्यांना दहादा विचार करावा लागेल. माझ्याकडे त्या कंपनीचे आहेत का ते बघतो, नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मधला_बाक | रविवार, रात्री ९:३८

मेल उघडले. तीन कंपन्यांचं मतदान होऊन गेलंय, चौथीचं मंगळवारी ५ ला बंद होतंय, त्यातही एक आरपीटी आहे. पण ओटीपी येत नाहीये, तीनदा प्रयत्न केला. सही_शिक्का, काय करू?

सही_शिक्का | रविवार, रात्री ९:४५

डीमॅटला जुना मोबाइल नंबर नोंदवलेला असणार, ओटीपी तिकडे जातोय. तो बदलायला वेळ लागेल, त्यावर थांबू नका. तुमच्या ब्रोकरच्या लॉगिनमध्ये ई-व्होटिंगचा पर्याय असतो, तिथून थेट डिपॉझिटरीच्या, म्हणजे डीमॅट शेअर्स सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पानावर जाता येतं, वेगळा ओटीपी लागत नाही. आत्ता करून बघा, अडलं तर इथेच लिहा, मी जागा आहे.